नळाच्या मुठीतला अडलेला स्क्रू

घरातला नळ गळू लागला की दुरुस्ती बहुधा किरकोळ असते. पाण्याची वाट दाबून धरणारी रबराची चकती, म्हणजेच वायसर, झिजलेला असतो आणि तो बदलला की गळती थांबते. मात्र वायसरपर्यंत पोहोचण्यासाठी आधी नळाची मूठ काढावी लागते, आणि ही मूठ ज्या एका स्क्रूने स्पिंडलला, म्हणजे मुठीबरोबर फिरणाऱ्या आतल्या पितळी दांड्याला, जखडलेली असते तो स्क्रू वर्षानुवर्षे जागचा हललेला नसतो. तो गंजून अडला की काही रुपयांच्या वायसरचे काम अख्खा नळ बदलण्यावर जाते. असा स्क्रू कशामुळे अडतो हे समजले, तर तो सोडवण्याच्या उपायांचा क्रम आपोआपच ठरत जातो.

मुठीच्या माथ्यावरची लाल किंवा निळी टिकली नखाने उचकटली की तिच्याखाली एक छोटी खोलगट जागा दिसते आणि तिच्या तळाशी स्क्रूचा माथा असतो. ओल्या हातांनी नळ उघडताना-मिटताना या जागेत पाणी झिरपते, टिकलीमुळे ते लवकर वाळत नाही, आणि ओलावा टिकला की गंजण्याची क्रिया चालूच राहते. त्यात स्पिंडल पितळेचा आणि स्क्रू मात्र बऱ्याचदा जस्ताचा पातळ मुलामा दिलेल्या साध्या पोलादाचा असतो. दोन भिन्न धातू एकमेकांना टेकलेले असून त्यांच्यामध्ये क्षारयुक्त पाणी असेल, तर विजेच्या घटाप्रमाणे सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि त्यातला अधिक क्रियाशील धातू झिजू लागतो; पितळ आणि पोलाद यांच्या जोडीत ही झीज पोलादाच्या वाट्याला येते. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर हवेतला खारटपणा ही क्रिया वाढवतो, तर बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत कॅल्शियमचे पांढरे क्षार फटीफटींत साचून घट्ट होतात.

गंज ज्या लोखंडापासून बनतो त्याच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांच्या, म्हणजे स्क्रूवरच्या मळसूत्री खाचांच्या, अरुंद फटीत तयार झालेला गंज फुगून पाचरीसारखा बसतो आणि स्क्रूला चहूबाजूंनी आवळतो. अडचण अशी, की अडलेले असतात आटे, पण हात पोहोचतो तो फक्त माथ्यापर्यंत. आटे सुटायच्या आत माथ्याची खाच झिजली, तर स्क्रूला धरायला काहीच उरत नाही. म्हणून प्रत्येक उपायाला दोन कसोट्या लावाव्यात: तो आट्यांची पकड सैल करतो का, आणि तोपर्यंत माथा शाबूत ठेवतो का.

मुठीच्या स्क्रूचा माथा बहुतेक वेळा फिलिप्स पद्धतीचा, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचा असतो. अमेरिकेतील पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्स यांना या पद्धतीची पेटंटे १९३६ साली मिळाली. खाचेच्या भिंती तिरप्या असल्यामुळे स्क्रूड्रायव्हरचे टोक तिच्यात चटकन मध्यावर बसते, पण त्याच तिरकेपणामुळे जोर वाढताच टोक वर ढकलले जाऊन बाहेर निसटते आणि निसटताना खाचेच्या कडा तासत जाते. दोन-तीनदा असे झाले की अधिकच्या चिन्हाऐवजी एक गुळगुळीत वाटी उरते.

यामुळे पहिला अर्धा तास स्क्रू फिरवण्यात न घालवता तयारीत घालवावा. वरच्या टाकीचा किंवा त्या जोडणीचा व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडा ठेवावा, म्हणजे साठलेले पाणी निघून जाते; बेसिनच्या जाळीवर फडके अंथरावे, कारण निसटलेला बारीक स्क्रू हमखास तिथेच जातो. मग खाचेतला गंज, साबणाचा थर आणि क्षार टाचणीने कोरून जुन्या टूथब्रशने साफ करावेत. क्षारांचा थर जाड असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा तासभर ठेवून नंतर ती जागा पाण्याने पुसून घ्यावी. संडास धुण्याचे तीव्र ॲसिड मात्र वापरू नये. ते नळाचा क्रोमचा मुलामा खाते, आणि ब्लीचिंगच्या द्रावणाशी त्याचा संयोग झाल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो.

यानंतर तेलाची पाळी येते. गंज सोडवणारे तेल अतिशय पातळ असते आणि दिव्याच्या वातीत तेल चढते त्याच केशाकर्षणाने ते अरुंद फटीत शिरते. घरोघरी पूर्वी याच कामासाठी रॉकेल वापरले जाई. या तेलाला वेळ का लागतो हे साध्या हिशेबाने कळते. ४ मिलिमीटर जाडीच्या प्रचलित मेट्रिक स्क्रूच्या दोन लगतच्या आट्यांमधले अंतर ०.७ मिलिमीटर असते, त्यामुळे असा स्क्रू १० मिलिमीटर आत गेलेला असेल तर त्याचे मळसूत्र सुमारे १४ वेढे घेते, आणि हे वेढे उलगडून सरळ केले तर त्यांची लांबी १५ सेंटीमीटरच्या आसपास भरते. गंजाने बुजलेली एवढी वाट दोन मिनिटांत भिजणे शक्यच नसते. म्हणून दोन-तीन थेंब सोडून रात्रभर थांबावे आणि मधून एकदा पुन्हा थेंब द्यावेत. खनिज तेलाने काही प्रकारचे रबर फुगते, तसेच ते पिण्याच्या पाण्यात जाणे योग्य नाही, त्यामुळे ते बेताने घालावे आणि काम झाल्यावर पुसून काढावे.

तेलाच्या जोडीला हलके ठोके द्यावेत. गंज कठीण असला तरी ठिसूळ असतो. स्क्रूड्रायव्हर खाचेत उभा धरून हातोडीने दहा-बारा बेताचे ठोके दिले की त्याला बारीक चिरा जातात, त्या चिरांतून तेलाला वाट मिळते आणि स्क्रूड्रायव्हरचे टोकही खाचेत घट्ट बसते. उष्णतेचाही उपयोग होतो, कारण तापल्यावर पितळ पोलादापेक्षा जवळपास दीडपट प्रसरण पावते आणि पितळी स्पिंडलचे भोक आतल्या पोलादी स्क्रूपेक्षा किंचित अधिक मोठे होते. त्यासाठी उकळत्या पाण्यात भिजवून पिळलेले फडके चिमट्याने धरून धातूच्या मुठीभोवती गुंडाळणे पुरते. तेल लावलेल्या जागी ज्योत नेणे धोक्याचे आहे आणि मूठ प्लास्टिकची असेल तर ती वितळते.

आता स्क्रू फिरवावा. टोक खाचेत अजिबात डुगडुगणार नाही असा योग्य मापाचा, जाड मुठीचा स्क्रूड्रायव्हर घ्यावा, शरीराचा भार सरळ खाली द्यावा आणि दाब कायम ठेवून सावकाश जोर लावावा. दुसऱ्या हाताने नळाची मूठ पक्की धरावी. नाहीतर स्पिंडलही सोबत फिरतो आणि शेवटी सगळा ताण भिंतीतल्या सांध्यावर येतो. सुरुवातीला स्क्रू किंचित घट्ट करण्याच्या दिशेला, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, रेटावा आणि मग उलटा फिरवावा. या इवल्याशा हालचालीने गंजाचा बंध तुटतो. बऱ्याचदा ‘कट्’ असा बारीक आवाजही येतो. त्यानंतर अर्धा वेढा सैल, पाव वेढा घट्ट असे मागे-पुढे करत स्क्रू बाहेर काढावा, म्हणजे गंजाची भुकटी आट्यांत पुन्हा अडकत नाही.

खाच आधीच झिजली असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाखाली रुंद रबरबँडचा तुकडा धरून पाहावा. रबर झिजलेल्या पोकळीत भरून थोडी पकड देते. माथा वर आलेला असेल तर हॅकसॉच्या पात्याने त्यावर सरळ खाच पाडून चपटा स्क्रूड्रायव्हर लावता येतो. तेही न जमल्यास माथ्याच्या मध्यावर पंचाने खूण करून, स्क्रूच्या दांड्याएवढ्या जाडीच्या ड्रिलने फक्त माथा उडवावा. माथा गेला की मुठीवरचा दाब नाहीसा होतो, मूठ वर उचलली जाते आणि उघडा पडलेला दांडा पकडीने धरून फिरवता येतो. उलट्या आट्यांचे एक्स्ट्रॅक्टर नावाचे हत्यारही मिळते, पण एवढ्या बारीक स्क्रूत ते तुटण्याची भीती असते, आणि तुटलेल्या कडक पोलादाला साधे ड्रिल लागत नाही. त्यापेक्षा मूठ कापून काढून नवा स्पिंडल बसवणे बरे.

नवा स्क्रू स्टेनलेस स्टीलचा आणि त्याच मापाचा घ्यावा, त्याच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीसचे बोट लावावे आणि मूठ डुगडुगणार नाही एवढाच तो आवळावा. आट्यांमधली जागा ग्रीसने भरलेली राहिली की पाण्याला तिथे शिरायला वाव उरत नाही, आणि पुढचा वायसर बदलायच्या दिवशी टिकली उचकटणाऱ्याला खाच जशीच्या तशी सापडते.