काटा की फूल?

कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत, वाळवे-मिरजेकडे, कुंपणाला लावलेली बोगनवेल पुष्कळदा हिरवीगार, उंच आणि काटेरी दिसते, पण फुले बेताचीच. उलट माण किंवा जत तालुक्यातल्या मुरमाड अंगणात, जिथे माणसांनाच पाणी पुरवून वापरावे लागते, तीच वेल गुलाबी-जांभळ्या रंगाने झाकून जाते. पाणी घालणाऱ्याला पाला आणि न घालणाऱ्याला फुले, हा कुठला न्याय?

विद्यार्थी मित्रांनो, आधी फूल कोणते ते पाहू. बोगनवेलीचा रंगीत, कागदासारखा भाग म्हणजे पाकळ्या नव्हेत. ती छदे, म्हणजे रंगीत पानेच आहेत. तीन छदांच्या मध्ये बारीक नळीसारखी तीन फिकट फुले असतात, ती खरी फुले. ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेतली. बूगँव्हील या फ्रेंच दर्यावर्द्याच्या पृथ्वीप्रदक्षिणेत, १७६७ साली, कॉमेर्सों या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती ब्राझीलमध्ये आढळली आणि कप्तानाचे नाव तिला मिळाले.

आता पानाच्या देठाच्या बगलेत पाहा. तिथे एक डोळा असतो. या डोळ्यापासून काटा तरी होतो किंवा फुलांचा गुच्छ तरी. दोघांचा उगम एकच! १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात हॅकेट आणि सॅक्स यांनी याचा अभ्यास केला. दिवस लहान असले की डोळा फुलाकडे वळतो. जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक दिले की काट्याकडे. तासगावचे द्राक्ष बागायतदार मणी लांब व्हावेत म्हणून ज्या 'जीए'च्या द्रावणात घड बुडवतात, तेच हे जिबरेलिन.

आपल्याकडे जूनमध्ये दिवस सुमारे १३ तासांचा, तर डिसेंबरमध्ये सुमारे ११ तासांचा असतो. पंचांगातल्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांवरून हे तुम्हीच पडताळून पाहा. फरक फक्त दोन तासांचा, पण वेलीला तो कळतो.

मग पाण्याचा संबंध काय? पेशीत पाणी भरले की ती सायकलच्या ट्यूबसारखी फुगते आणि तिच्या भित्तीवर दाब येतो. या दाबानेच कोवळा शेंडा लांबतो. पाणी तुटले की दाब उतरतो व शेंड्याची वाढ थांबते. पण पाने आणखी काही दिवस उन्हात साखर तयार करीत असतात. शेंड्यावर खर्च न झालेली ही साखर डोळ्यांच्या वाट्याला येते आणि त्यांचे गुच्छ होतात. आटपाडीकडचे डाळिंबवाले बहार धरण्यासाठी बागेला 'ताण' देतात, तो हाच प्रकार. मात्र ताण म्हणजे वाळवणे नव्हे. पाने मलूल झाली की पाणी द्यायचेच.

तेव्हा काळ्या जमिनीत बोगनवेल लावायची तर मातीत मुरूम मिसळावा आणि उंचवट्यावर लावावी, म्हणजे मुळाशी पाणी साचत नाही. दिवसातून निदान सहा तास ऊन हवे. सावलीत कितीही ताण दिला तरी उपयोग नाही, कारण साखरच बनत नाही. युरियाचा हात आखडता ठेवावा. बहर ओसरला की छाटणी करावी, कारण फुले नव्या फुटीवर येतात. पेन्सिलीएवढ्या जाडीची पक्व फांदी पावसाळ्याच्या तोंडी लावली तर सहसा जगते.

शाळेत एक प्रयोग करता येईल. एकाच वेलीपासून केलेली, वर्षभर वाढलेली दोन रोपे सारख्या कुंड्यांत, सारख्याच उन्हात ठेवा. दिवाळीनंतर एकीला रोज पाणी घाला, दुसरीला पाने किंचित मलूल झाल्यावरच. दर आठवड्याला दोन्हींच्या नव्या फुटीवरचे काटे आणि गुच्छ वेगवेगळे मोजून वहीत लिहा. किती तांबे पाणी कुणाला लागले, तेही शेजारच्या रकान्यात मांडा.