तारेचा कायदा आणि आजचा विद्यार्थी

१४ जुलै २०१३ च्या रात्री भारतातील तारसेवा कायमची बंद झाली. सुखदुःखाच्या वार्ता दारोदार पोचविणारा तारवाला इतिहासजमा झाला. परंतु ज्या कायद्याच्या आधारे ती तार चालत होती, तो कायदा मात्र त्या रात्री संपला नाही. १८८५ सालचा भारतीय तार अधिनियम त्यानंतरही दहा वर्षांहून अधिक काळ मोबाइल फोनवर आणि इंटरनेटवर आपली सत्ता चालवीत राहिला. यंत्र नाहीसे होते, पण त्याच्यासाठी केलेला कायदा मागे उरतो आणि नव्या यंत्राचा धनी होऊन बसतो. संदेशवहनाचा कायदा व तंत्रज्ञानविषयक धोरण हा विषय आज विद्यापीठांतून का शिकविला जातो, याचे उत्तर या एका घटनेत सापडते.

हा अधिनियम झाला तेव्हा १८५७ च्या उठावाला अठ्ठावीस वर्षे लोटली होती आणि तारेचे मोल परकीय सत्तेला पुरते उमगले होते. अधिनियमाच्या चौथ्या कलमाने तारयंत्रणा उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला. इतरांना ते काम करावयाचे तर परवाना हवा. पाचव्या कलमाने सार्वजनिक आणीबाणीच्या वा सुरक्षिततेच्या कारणास्तव संदेश अडविण्याची मुभा दिली. पुढे 'तार' या शब्दाची व्याख्या इतकी विस्तारली, की तीत ध्वनी, चित्रे आणि रेडिओलहरी हे सारे सामावले. म्हणूनच २०१७ साली इंटरनेट तात्पुरते बंद करण्याचे नियम करण्यात आले, तेव्हा त्यांना आधार मिळाला तो याच अधिनियमाचा. अशी बंदी अनिश्चित काळापुरती असू शकत नाही आणि तिचे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले.

या विषयाचा विद्यार्थी प्रत्येक नव्या साधनापुढे तीन प्रश्न ठेवावयास शिकतो. संदेशाचा मार्ग कोणाच्या मालकीचा? त्या मार्गाने बोलण्याचा हक्क कोणाला? आणि दुसऱ्याचे बोलणे मध्येच ऐकण्याचा अधिकार कोणाला?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका क्रिकेटच्या स्पर्धेने दिले. १९९३ साली बंगालच्या क्रिकेट संघटनेने भरविलेल्या सामन्यांचे प्रक्षेपण कोणी करावे, यावरून वाद उद्भवला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी त्याचा निकाल लागला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या निकालपत्राचे सार असे, की आकाशातील लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तिच्यावर ना सरकारची मक्तेदारी असावी, ना धनिकांची. या युक्तिवादामागे पदार्थविज्ञानातील एक साधे सत्य आहे. एकाच टापूत, एकाच लहरीवर दोन केंद्रे बोलू लागली, तर श्रोत्याच्या कानी केवळ गोंगाट पडतो. लहरी मोजक्या असल्यामुळे त्यांची वाटणी करणारा कोणीतरी लागतो. हे ज्याला ठाऊक नाही, त्याला परवान्याची आवश्यकता कोठपर्यंत आहे आणि कोठून ती नुसती सबब होते, हे सांगता येणार नाही.

दुसरा प्रश्न महाराष्ट्रातच ऐरणीवर आला. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथील एका तरुणीने मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर चार शब्द लिहिले, दुसरीने त्याला पसंती दर्शविली, आणि दोघींना अटक झाली. यानंतर श्रेया सिंघल या तरुणीने माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ६६-अ या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. पुढे ती स्वतः कायद्याची विद्यार्थिनी झाली. 'त्रासदायक' वा 'गैरसोयीचा' मजकूर पाठविणे हा या कलमाने गुन्हा ठरविला होता. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. इंटरनेटसाठी निराळे गुन्हे ठरविता येतील. परंतु घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने भाषणस्वातंत्र्यावर जी बंधने मान्य केली आहेत, त्यांपलीकडे तेथेही जाता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक. दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये काही बंधने घातली: आदेश गृहसचिवाच्या पातळीवरचा असावा, त्याची मुदत दोन महिन्यांची असावी, ती वाढविली तरी एकूण सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये आणि एका समितीने त्याची तपासणी करावी. २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. परंतु यंत्र एव्हाना पुढे गेले होते. आता कित्येक संदेश असे कुलूपबंद होऊन जातात, की ते पोचविणाऱ्या कंपनीलाही वाचता येत नाहीत. २०२१ च्या नियमांनी मोठ्या संदेशसेवांवर, आदेश झाल्यास मूळ प्रेषक कोण हे दाखविता यावे, अशी अट घातली. सर्वांच्या कुलपाला धक्का न लावता हे करता येईल काय? अशा प्रश्नाचे उत्तर एकट्या वकिलाला देता येत नाही आणि एकट्या अभियंत्यालाही देता येत नाही.

म्हणून या विद्येचे घर दोन विद्याशाखांच्या सीमेवर आहे. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत २००६ साली कायद्याचे विद्यालय निघाले. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात २०१३ साली संदेशवहनाच्या नियमनाचा अभ्यास करणारे केंद्र स्थापन झाले. निकालपत्र वाचणे, लहरींचे व जाळ्यांचे कार्य समजून घेणे, नियमांच्या मसुद्यावर मुदतीत अभिप्राय देणे, हे सारे अशा अभ्यासात येते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६ मध्ये, मजकूर पाहून इंटरनेटचे निरनिराळे दर आकारण्यास मनाई केली, ती लोकांचे अभिप्राय मागविल्यानंतरच. २०२३ साली संसदेने नवा दूरसंचार अधिनियम संमत केला आणि २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने अंमलात येऊ लागला. तारेच्या कायद्यातील कोणते अधिकार त्यात नव्या शब्दांत उतरले आहेत, हे ताडून पाहणे हा आजच्या विद्यार्थ्याचा पहिला पाठ ठरावा.

तथापि ही विद्या वर्गापुरती राहिली, तर तिचा उपयोग थोडाच. ६६-अ कलम २०१५ साली रद्द झाले, तरी त्याखाली ठिकठिकाणी गुन्हे नोंदविणे चालूच राहिले. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये, या कलमाखाली कोणावरही खटला चालविता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. कायदा रद्द झाल्याची वार्ता पोलीस ठाण्यापर्यंत पोचावयास साडेसात वर्षे पुरली नाहीत, आणि तीही क्षणार्धात संदेश पोचविणाऱ्या युगात. निकालपत्रे इंग्रजीत लिहिली जातात. अटक होते ती मराठी, कानडी वा बंगाली बोलणाऱ्या माणसांना. आपण शिकलेला कायदा ठाण्यातील हवालदाराला आणि बाहेर घाबरून बसलेल्या बापाला त्यांच्याच भाषेत समजावून सांगू शकेल, असा पदवीधर विद्यापीठातून बाहेर पडावा, ही या अभ्यासाकडून धरावयाची किमान अपेक्षा होय.