रिपोर्टात एकच आकडा का येतो?

करोनाच्या दिवसांत ‘पीसीआर’ हा शब्द आपल्या सर्वांच्या तोंडी बसला. आम्ही बँकवाले त्याला दामदुप्पट म्हणू. डीएनएचा हवा तो तुकडा दर फेरीत दुप्पट होतो आणि 30 फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर जातात. कॅरी मुलिस यांना या शोधासाठी 1993 साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पण काही तुकडे दुप्पट व्हायला तयारच नसतात.

‘फ्रॅजाइल एक्स’ या विकाराची तपासणी घ्या. मुलांच्या बौद्धिक वाढीत अडथळा आणणारा हा आनुवंशिक विकार. एक्स गुणसूत्रावरील एका जनुकात सी-जी-जी ही तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात, बहुतेकांत तीसेक वेळा. 55 ते 200 वेळा आली तर ती व्यक्ती वाहक, आणि 200 च्या पुढे ते जनुक सहसा बंदच पडते. वाहक आईकडून मुलांकडे जाताना ही संख्या वाढू शकते.

आता अडचण अशी की सी आणि जी यांची जोडी तीन बंधांनी बांधलेली असते, ए आणि टी यांची दोनच. त्यामुळे तापवूनही धागे नीट सुटत नाहीत, आणि सुटले तरी स्वतःभोवतीच दुमडून बसतात. नक्कल करणारे विकर तिथे अडते. म्हणून मिश्रणात बीटेन किंवा डीएमएसओ घालतात, त्याने पीळ सैल होतो.

खरी गोम पुढेच आहे. बाईला दोन एक्स. एकावर 30 आणि दुसऱ्यावर 180 असतील, तर छोटा तुकडा भराभर वाढतो, मोठा मागे पडतो आणि रिपोर्टात 30 हा एकच आकडा दिसतो. दोन्हीकडे 30 असलेल्या बाईचा रिपोर्टही हुबेहूब तसाच! ताळेबंद जुळलेला, पण एक खाते उघडून पाहिलेलेच नाही.

यावरची युक्ती आम्हाला फार आवडली. प्रायमर म्हणजे नक्कल कुठून सुरू करायची ते ठरवणारा छोटा तुकडा. ‘रिपीट-प्राइम्ड पीसीआर’मध्ये एक प्रायमर बाहेर ठेवतात आणि दुसरा सी-जी-जीच्या रांगेत कुठेही बसेल असा घेतात. मग सर्व लांबींचे तुकडे तयार होऊन आलेखावर शिडी उमटते. शिडी लांबच लांब गेली की दडलेला मोठा एक्स उघडा पडतो. फार मोठ्या रांगेची लांबी मोजायला सदर्न ब्लॉट ही जुनी, वेळखाऊ पद्धत आजही वापरतात.

घराण्यात हा विकार असेल आणि लेकीच्या रिपोर्टात एकच आकडा असेल, तर ही दुसरी चाचणी झाली आहे का, हे जनुकीय समुपदेशकांना जरूर विचारावे.