ब्लॅकबेरी, हवामान आणि सर्वनाम

साहेब आयर्लंडला गेले आणि त्यांचा ब्लॅकबेरी फोन लंडनलाच राहिला. तो पोचवायला ऑफिसातल्या एकाला चक्क विमानाने धाडलं, अशी तक्रार होती टिम निकल्सन यांची. ब्रिटनमधल्या ग्रेंजर या मालमत्ता कंपनीत पर्यावरणाचं खातं त्यांच्याकडे होतं. पुढे नोकरी गेली. हवामानबदलावरच्या आपल्या श्रद्धेमुळेच ती गेली, असं म्हणत ते न्यायाधिकरणात गेले. २००९ साली अपिलात निकाल लागला: धर्मश्रद्धेला मिळतं ते संरक्षण अशा श्रद्धेलाही मिळू शकतं!

उद्या कुणीही उठून काहीही श्रद्धा म्हणून पुढे करेल, म्हणून न्यायाधीशांनी पाच कसोट्या घालून दिल्या. त्यातली पाचवी म्हणजे ती श्रद्धा लोकशाही समाजात आदरास पात्र हवी, इतरांच्या मूलभूत हक्कांवर उठणारी नको.

दहा वर्षांनी या पाचव्या कसोटीवर भलतंच प्रकरण येऊन थडकलं. जैविक लिंग बदलता येत नाही, असं ट्विटरवर लिहिणाऱ्या करतज्ज्ञ माया फॉरस्टेटर यांचा करार त्यांच्या संस्थेने वाढवला नाही. २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने त्यांचं मत पाचव्या कसोटीत नापास केलं. २०२१ मध्ये अपिलात ते पास झालं. नापास करायचं तर मत नाझीवादाच्या जातकुळीतलं हवं, इतकी ती कसोटी सैल असल्याचं ठरलं. मात्र याचा अर्थ ट्रान्स सहकाऱ्याला हवं तसं हिणवायला मोकळीक असा नाही, हेही त्याच निकालात बजावलेलं आहे.

आता सध्याचा कायदा बघा. २०१० च्या समानता कायद्यात भेदभावापासून जपायच्या नऊ गोष्टींची यादी आहे. तिच्यात लिंगबदल आहे आणि श्रद्धाही आहे. लिंगबदलासाठी शस्त्रक्रियेची अट नाही, तसा निर्धार असला तरी पुरतो. म्हणजे भांडणाऱ्या दोन्ही बाजू एकाच कायद्याची एकच ढाल हातात धरून उभ्या! कायदा करणाऱ्यांना हे दिसलं असेल का, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

मग कोर्ट करतं काय? मत बाजूला ठेवतं आणि ते कुठे, कुणापुढे, कसं मांडलं ते पाहतं. डॉ. डेव्हिड मॅकरेथ यांना अपंगत्व भत्त्याच्या अर्जदारांची तपासणी करायची होती. ट्रान्स अर्जदारांना त्यांच्या पसंतीच्या सर्वनामाने आपण संबोधणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. २०२२ मध्ये त्यांच्या श्रद्धेला संरक्षण मिळालं, पण खटला ते हरले, कारण समोर अडलेला माणूस असणार होता आणि त्याचा मान राखणं हेच तर कामाचं स्वरूप. उलट क्रिस्टी हिग्ज या एका शाळेतल्या कर्मचारी. त्यांनी लैंगिकता-शिक्षणावर टीका करणाऱ्या पोस्ट आपल्या खाजगी फेसबुकवर टाकल्या होत्या. त्यासाठी थेट नोकरीवरून काढणं अति झालं, असं अपील न्यायालय म्हणालं.

हा तराजू मला पटतो. खटकतो तो त्याचा वेग. हिग्ज यांची नोकरी २०१९ मध्ये गेली, अपील न्यायालयाचा निकाल आला २०२५ मध्ये. आणि ट्रान्स कर्मचाऱ्याची तक्रार टेबलावर येते, तेव्हा व्यवस्थापकाला त्याच आठवड्यात काहीतरी ठरवावं लागतं.