कलमाचा चाकू व चामड्याचे म्यान

कोकणात आंब्याची कोय कलमे ऐन पावसाळ्यात बांधली जातात. या दिवसांत हवा दमट असते, कलमे बांधणाऱ्याचे हात ओले असतात आणि चाकूच्या पात्यास रोपाचा चीक लागलेला असतो. काम आटोपताच घडीचा चाकू तसाच मिटून कमरेच्या चामडी म्यानात ठेवला जातो. म्यानात चाकू सुरक्षित राहतो अशी समजूत आहे. वस्तुतः तेथेच तो बिघडू लागतो.

म्यानात काय घडते?

चामडे वरून कोरडे दिसले तरी ते ओल शोषून धरते. त्यात घामातील क्षार उतरतात आणि कमावताना वापरलेल्या द्रव्यांचा अंशही राहतो. बाभळीच्या सालीने वा हिरड्याने कमावलेल्या चामड्यातील तुरट द्रव्य ओलसर पोलादाशी मिळून काळे डाग पाडते. हिरडा व हिराकस यांपासून काळी शाई करीत, तीच ही क्रिया होय. चाकूच्या पितळी खिळ्यांवर हिरवा कळंक चढतो, तो चामड्यास चोळलेल्या तेलातील आम्लांचा पितळेतील तांब्याशी संयोग झाल्यामुळे.

नुकसान कोणते?

पात्यावरील काळसर छटेने फारसे बिघडत नाही. तांबडा गंज मात्र धार खातो. खडबडीत धारेने काप सपाट न होता साल फाटते. मग खुंट व कलमकाडी यांचे सालीखालील वाढते थर एकमेकांस नीट भिडत नाहीत आणि कलम वाया जाते.

काळजी कशी घ्यावी?

१. काम संपताच पाते स्पिरिटच्या बोळ्याने पुसून चीक काढावा व कोरड्या फडक्याने टिपावे. घडीच्या सांध्यातील ओलही काढावी.

२. पात्यास शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा व सांध्यात एक थेंब सोडावा. जवसाचे तेल वापरू नये. ते वाळून चिकट होते. काप घेण्यापूर्वी तेल पूर्ण पुसावे.

३. म्यान केवळ नेआण करण्यासाठी वापरावे. रात्री चाकू बाहेर काढून तेलाच्या फडक्यात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा.

४. भिजलेले म्यान सावलीत, वाऱ्यावर वाळवावे. चुलीजवळ ठेवल्यास चामडे आक्रसते व तडकते. म्यानास आतून तेल चोळू नये.

५. पितळेवरील कळंक कोरड्या फडक्याने काढावा. चिंचेने पितळ उजळते, परंतु तिचे आम्ल पात्यास लागू देऊ नये.

न गंजणाऱ्या पोलादात क्रोमियम किमान सुमारे १०.५ टक्के असते. तरीही क्षारयुक्त ओलीत दीर्घकाळ राहिल्यास त्यासही बारीक खड्डे पडतात. म्हणून अशा चाकूचीही हीच निगा राखावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कलमांच्या हंगामापूर्वी शेतकऱ्यांचे चाकू म्यानाबाहेर काढून तपासावेत. गंजलेल्या व स्वच्छ पात्याने एकाच काडीवर दोन काप घेऊन दाखवावेत. दोहोंतील फरक शेतकऱ्यांच्या प्रत्यक्ष नजरेस येईल आणि दोन मिनिटांच्या निगेचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.