संशोधकाचे घर कसे चालते?

विज्ञान शाखेच्या शेवटच्या वर्षातील एखाद्या हुशार विद्यार्थ्याला आम्ही ‘संशोधनाकडे का वळत नाहीस?’ असे विचारतो, तेव्हा बहुधा एकच उत्तर मिळते : ‘एम. एस्सी.ची दोन वर्षे, पुढे पीएच. डी.ची पाच. तोवर फी कोण भरणार आणि घर कसे चालणार?’ प्रश्न रास्त आहे, पण त्यामागची समजूत अपुरी आहे. विज्ञान व अभियांत्रिकीतील पीएच. डी.च्या विद्यार्थ्याला दरमहा विद्यावेतन मिळू शकते.

यातील सर्वांत रुळलेली वाट म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट ही परीक्षा. रसायन, भौतिकी, गणित, जीवविज्ञान आणि पृथ्वीविज्ञान अशा पाच विषयगटांत ती घेतली जाते. एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षात असतानाही तिला बसता येते. तीतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या दरांनुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. कामाचे मूल्यमापन समाधानकारक ठरल्यास पुढील तीन वर्षे ४२,००० रुपये मिळतात. वसतिगृहात जागा नसल्यास नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता वेगळा असतो.

येथे एक गफलत नेहमी होते. ‘नेट झालो’ म्हणजे विद्यावेतन मिळालेच, असे नाही. काही उमेदवार केवळ सहायक प्राध्यापकपदासाठी किंवा पीएच. डी. प्रवेशासाठी पात्र ठरतात. पैसा येतो तो जेआरएफबरोबर. ती मिळाल्यावरही ठरावीक मुदतीत मार्गदर्शक शोधून संस्थेत नाव नोंदवावे लागते.

अभियंत्यांसाठी गेट ही परीक्षा आहे. तिच्या आधारे आयआयटीसारख्या संस्थांत मुलाखत होते. प्रवेश मिळालेल्यांना विद्यावेतनाच्या बदल्यात बहुधा प्रयोगशाळेत वा वर्गात अध्यापनाला हातभार लावावा लागतो. बी. एस्सी.नंतर थेट संशोधनाकडे जायचे असेल, तर मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि पुण्याची आयसर येथील एकात्मिक पीएच. डी.चे अभ्यासक्रम पाहावेत. महाराष्ट्रात बार्टी, सारथी व महाज्योती या संस्थाही आपापल्या समाजगटांतील संशोधक विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात.

चित्राची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांना सांगायला हवी. विद्यावेतन कधी कधी महिनोन्‌महिने रखडते. पाच वर्षांनी ते थांबते, प्रबंध मात्र अपुरा असू शकतो. पदवीनंतर नोकरीची हमी नसते. म्हणून हाताशी थोडी शिल्लक ठेवणे आणि मार्गदर्शक निवडताना त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली, हे विचारून घेणे शहाणपणाचे ठरते.

शहरातील मुलाला या गोष्टी एखाद्या नातलगाकडून कळतात. तालुक्याच्या गावी, घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात गेलेल्या मुलीला त्या कोण सांगणार? तिच्या बाबतीत अनेकदा बुद्धी कमी पडत नाही, माहिती उशिरा पोहोचते. एम. एस्सी. संपल्यावर नेटचे नाव ऐकून फारसा उपयोग नाही. पदवीच्या पहिल्या वर्षीच ते कानावर पडले, तर पाया पक्का करायला चार-पाच वर्षे हाती राहतात. शिक्षकांनी या परीक्षांच्या तारखा सूचना फलकावर लावाव्यात आणि मागील प्रश्नपत्रिका ग्रंथालयात ठेवाव्यात. शक्य झाल्यास पालकांना बोलावून विद्यावेतनाचे आकडे फळ्यावर लिहून दाखवावेत. ‘पोरगी अजून किती शिकणार?’ या प्रश्नाचे उत्तर काही घरांत त्या आकड्यांनीच मिळेल, असे आम्हांस वाटते.