समाजशास्त्राची तोंडओळख, व्याख्यान तिसरे : लग्नाच्या गाठी कोण बांधतं?



मागच्या व्याख्यानात आपण एमिल द्युरकेम यांची ‘सामाजिक तथ्य’ ही संकल्पना पाहिली. थोडक्यात उजळणी करतो. वागण्याच्या आणि विचार करण्याच्या काही रीती आपल्या जन्माआधीपासून असतात. त्या आपण घडवलेल्या नसतात, पण आपल्यावर दाब टाकतात. हा दाब एरवी जाणवत नाही. रीत मोडायला गेलं की जाणवतो. द्युरकेम यांनी हे १८९५ साली मांडलं.

आज एकच उदाहरण घेऊ, घरोघरचं. लग्न.

आपण म्हणतो, लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधल्या जातात. आता वधू-वर सूचक जाहिरातींचं पान उघडा. शिक्षण, पगार, उंची, पत्रिका, आणि जात. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचं प्रमाण सुमारे ५ टक्के आढळलं. म्हणजे शंभरातली साधारण पंचाण्णव लग्नं जातीतच. प्रत्येक घर म्हणतं, ‘आम्ही आमच्या पसंतीनं ठरवलं.’ पण लाखो घरांची ‘स्वतःची पसंती’ एकाच कुंपणाच्या आत पडत असेल, तर तिथे समाजशास्त्राचा प्रश्न सुरू होतो. हे कुंपण आलं कुठून, आणि टिकतं कसं?

न्यूयॉर्कमधला एक निबंध

९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ अलेक्झांडर गोल्डनवायझर यांचं चर्चासत्र चालू आहे. तिथे पंचवीस वर्षांचा एक विद्यार्थी भारतातील जातींवर निबंध वाचतो. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढच्या वर्षी हा निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापून आला.

जातीचं मुख्य लक्षण कोणतं, यावर तोवर बरंच लिहिलं गेलं होतं. कुणी विटाळ म्हणत होतं, कुणी रोटीबंदी. आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी दोन लक्षणं सांगितली होती : सभासदत्व जन्मानं मिळणं आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. आंबेडकर म्हणतात, या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न करायचं नाही असं ठरलं, की आत जन्मलेलेच सभासद उरतात. तेव्हा मूळ लक्षण एकच, बेटीबंदी. शास्त्राच्या भाषेत अंतर्विवाह. गोत्राबाहेर लग्न करण्याची, म्हणजे बहिर्विवाहाची, रीत इथे जुनीच होती. तिच्यावर अंतर्विवाहाचं कुंपण चढलं आणि जात तयार झाली.

हिशेब नीट बघा

समजा, एका गटानं ठरवलं की आता बाहेर लग्न नाही. गटात पन्नास जोडपी आहेत. नवरा-बायको एकाच दिवशी थोडेच मरतात? नवरा गेला की एक स्त्री ‘जास्तीची’ होते. तिनं बाहेर लग्न केलं तर कुंपण मोडतं. आतच दुसरं लग्न केलं तर एखाद्या कुमारिकेच्या वाट्याचा नवरा कमी होतो. मग हा गट काय करतो? तिला नवऱ्याबरोबर जाळतो, किंवा जन्मभर वैधव्यात ठेवतो.

बायको गेली तर? पुरुष जास्तीचा झाला. पण पुरुषाला कोण जाळणार? त्याला ब्रह्मचर्य सांगता येतं, पण ते पाळवून घेणं अवघड. मग त्याला बायको द्यायची, ती अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींमधून. म्हणजे बालविवाह. १८९९ साली रंगभूमीवर आलेलं देवलांचं ‘संगीत शारदा’ आठवा. म्हातारा बिजवर आणि कोवळी मुलगी. नाटक बघताना आपल्याला त्या म्हाताऱ्याचा राग येतो, बापाच्या लोभाचा येतो. तो यायलाच हवा. पण त्या दोघांच्या पाठीमागे बंद दाराचा हा हिशेब उभा आहे, तो आंबेडकर दाखवतात.

म्हणजे बघा, सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तीन सुट्या वाईट चाली नाहीत. कुंपण टिकवायची ती तीन साधनं आहेत. मग पातिव्रत्याचे गोडवे? आंबेडकरांचं म्हणणं असं, की चाल आधी आली आणि तिचं गुणगान मागाहून. हा मुद्दा वहीत लिहून ठेवा, पुढे फार उपयोगी पडेल.

एका गटापासून सगळीकडे

पण एका गटानं दार लावलं, तर बाकीच्यांनी का लावावं? आंबेडकरांच्या मते दार आधी पुरोहित वर्गानं लावलं. इथे ते फ्रेंच विचारवंत गाब्रिएल तार्द यांच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतात. वरच्यांचं अनुकरण होतं, आणि जवळचे जास्त करतात, लांबचे कमी. काहींनी दार स्वतः लावून घेतलं, तर काहींना ते बाहेरून बंद झालेलं दिसलं. महाराष्ट्रात अनेक जातींमध्ये विधवेचा पाट लागत असे, तर ब्राह्मणांत केशवपन होतं. ही पायऱ्यापायऱ्यांची रचना या सिद्धांतात बसते. मात्र पहिल्या गटाला दार का लावावंसं वाटलं, जमीन आणि श्रम यांचा त्यात वाटा किती, याचं पुरेसं उत्तर हा छोटा निबंध देत नाही. तो प्रश्न आपण पुढे घेऊ.

आता द्युरकेमकडे परत या. दार मोडणाऱ्याला वाळीत टाकतात. हा झाला सामाजिक तथ्याचा दाब. तो इतका खरा आहे, की सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. निबंधाला बरोबर शंभर वर्षं झाली होती.

तेव्हा एखाद्या घरात मुलीनं ‘तसं’ लग्न ठरवलं आणि आईनं अन्न सोडलं, तर ती आई दुष्ट असेलच असं नाही. कुंपणाची राखण बहुतेकदा प्रेमळ माणसांकडेच असते. म्हणून नुसतं मन बदला म्हणून भागत नाही. आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’मध्ये आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय म्हणून पुढे ठेवला. त्याचं कारण या हिशेबात आहे : जे बंद केल्यानं जात उभी राहिली, तेच उघडायला हवं.

पुढच्या वेळी एम. एन. श्रीनिवास यांचं संस्कृतीकरण. अनुकरणाचीच गोष्ट, पण वेगळ्या अंगानं. तोवर एक काम करा. आपल्या घरातल्या तीन पिढ्यांची लग्नं कागदावर मांडा आणि प्रत्येकापुढे लिहा, ‘हे कोणी ठरवलं?’